दोरीचं खालचं टोक

जहाजावरून, १२ जानेवारी

ती. गोदाताईस, सा. न.

इथे फोनला रेंज नाही, म्हणून सामानाच्या बोटीबरोबर पत्र पाठवतोय. अंतराळात यानाची दोरी सुटली तर माणसाचं काय होतं, असं तुझ्या वेदिकाने मला विचारलंय. मामा पाणबुड्या, त्याला ठाऊक असणार. माझीही नळी असते. तिच्यातून हवा येते, वरच्याचा आवाज येतो. परवा तेलाच्या प्लॅटफॉर्मखाली माझा दिवा गेला. वर कुठे, खाली कुठे, कळेना. आधी ओरडलो. मग तसाच तरंगत राहिलो आणि ताई, बरं वाटलं. जणू नम्रता गेलेली नाही, मीच नाही. वाटलं, ही नळीही नसती तर.

वेदिकाला एवढंच सांग की भीती वाटते.

इकडचा लोभ तिकडे पोचत असेल असं धरून चालतो.
समर्थ

वेळणेश्वर, २ फेब्रुवारी

चि. समर्थ यास, अ. उ. आ.

मेल्या, असली पत्रं लिहितात का? वेदिकाला वाचून दाखवताना मधलं सगळं गाळलं. ती म्हणते, मामाचं अक्षर वाळत घातलेल्या बोंबलांसारखं आहे.

विहिरीत पोहायला शिकलास ते आठवतं? कमरेला काथ्याची दोरी, पाठीला सुके नारळ, आणि दोरी धरून वर मी. घाबरलास की दोनदा ओढायचं ठरलं होतं. तू उडी मारायच्या आधीच ओढायचास. एकदा तरी सोडली का मी?

या महिनाअखेरीस नम्रताचं वर्षश्राद्ध. बायकोचं आहे रे, तुझ्याशिवाय कोण करणार? ये.

लोभ आहेच, वेगळा काय लिहू.
ताई

जहाजावरून, ३ मार्च

ती. ताईस, सा. न.

सुट्टी मिळाली नाही असं लिहिणार होतो. मागितलीच नाही.

माझी नळी सांभाळायला वर दर्शन असतो, आपल्या गुहागरचा. तो विचारतो, ठीक? मी म्हणतो, ठीक. दिवसाचं बोलणं तेवढंच.

तू सोडली नाहीस, खरं आहे. पण ओढायचो मी. खालच्याला वर यायचं असावं लागतं, ताई.

आता दिवा मीच बंद करतो. थोडाच वेळ.

भेट होवो न होवो, लोभ असू दे.
समर्थ

तुझ्या दाराबाहेरून, रत्नागिरी, २८ मार्च

चि. समर्थ यास, अ. उ. आ.

दर्शन सुट्टीवर आला तेव्हा घरी येऊन गेला. चहा तसाच ठेवला. म्हणाला, हल्ली समर्थदादा उत्तरच देत नाहीत, ओढूनच वर घ्यावं लागतं. याला खाली पाठवू नका असं साहेबांना सांग, हे मीच त्याला म्हटलं. तुला जहाजावरून उतरवलं ते माझ्यामुळे. राग धर माझ्यावर. काहीतरी धर.

घरी आला नाहीस. खोलीवर आलास आणि कडी लावलीस. सकाळपासून दार वाजवतेय. मघाशी आत नळ सुटला, बंद झाला. म्हणजे आहेस.

विहिरीवरची दोरी आणलीय. एक टोक दाराखालून आत सरकवलंय, दुसरं माझ्या हातात. अजून हललेली नाही, म्हणून तिच्यामागून हे पत्र. यानात कुणीतरी बसलेलंच असतं असं मी वेदिकाला सांगून आलेय.

दोनदा नको. एकदा ओढलंस तरी चालेल.

माझा लोभ या टोकाला आहे.
ताई