पेटारीच्या स्लाइडवर कापूस

बुधवार, १८ सप्टेंबर

पुन्हा तेच! दापोरा गावच्या पेटारीच्या झुडपाच्या स्लाइडवर कापसाचे परागकण. पेटारीच्या कणाला भोकं तीन, कापसाच्या कणाला सगळीकडे, आणि काटे केवढे लांब! एका कुळातली झाडं असली म्हणून काय झालं, मी आंधळी नाही.

कॉलेजमागची पेटारी मी स्वतः तोडते, तिची स्लाइड स्वच्छ असते. दापोऱ्याची पेटारी माझी आई आणते, तिथल्या शेतातल्या प्लॉटवरच्या मजुरीहून येताना. बिचारी कळ्या सोलूनसुद्धा देते. "तुले तेवढंच काम कमी, बाई."

दोन्ही पेटाऱ्या एकाच जातीच्या की वेगळ्या, हे परागावरून ठरवायचंय. महिनाअखेर माझ्या गाइड सुलभा मॅडमना निकाल द्यायचा. नाही दिला तर माझं वर्ष गेलं.

गुरुवार, १९

लॅबमध्ये कळ्या नि स्लाइड ठेवते त्या कपाटाच्या चाव्या दोन. एक माझी, एक लॅबमधल्या सोबत्याची, रितेशची. आणि रितेशचं काम कशावर? कापसाच्या परागावर!

"दीदी, फिर गड़बड़?" म्हणून विचारत होता. एवढी काळजी कशाला रे तुला?

शनिवार, २१

स्लाइडच्या कोपऱ्यात बारीक खूण करून ठेवली होती. खूण जागच्या जागी, आत कापूस. म्हणजे स्लाइड बदलत नाही, माझ्या कळ्यांच्या पुड्यांतच पराग टाकतो. हुशार आहे!

मंगळवार, २४

मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी रितेशची चावी काढून घेतली. लॅब बंद त्याला.

"मैं क्यों करूँगा, दीदी? स्लाइड बनवायला मीच तर शिकवलं ना तुम्हाला!" डोळ्यांत पाणी आणलं. नाटकं सगळी! मला मुळीच वाईट वाटलं नाही. थोडंसं वाटलं.

शुक्रवार, २७

कपाटाला नवं कुलूप. दोन्ही चाव्या माझ्या पर्समध्ये. नव्या कळ्या, नवी स्लाइड — आणि कापूस!! कपाट कोणी उघडलं? शिपाई समाधानकाकांना विचारलं तर भडकले. "आता आमच्यावर का?"

घरी आले तर आई मोरीत हात धूत होती. पाणी पिवळं. कसलं गं हे, म्हटलं.

"कायचं म्हंजे? सकाळपासून कापसाची नरफुलं घासतो आम्ही मादीफुलावर. बियाण्याचा प्लॉट आहे ना तो. नख त पिवळंच राह्यते. त्याच नखानं तुह्या कळ्या सोलते."

 

शनिवार, २८

आईच्या अंगठ्याच्या नखाखालची धूळ स्लाइडवर घेतली. तेच कण.

मॅडमना फोन केला. म्हणाल्या, रितेश काल येऊन कॉलेजातून नाव काढून गेला.