टॅम्पिनीसला बर्फ पडणार

२ डिसें. २००६, शनि.
सासूबाई आल्या. विमानतळ ते टॅम्पिनीसचं आमचं घर, टॅक्सीत एकच प्रश्न, "बर्फ कधी?" बॅगेत मेतकूट, चटणी आणि चार माकडटोप्या. मिरजेत बसून स्वतः विणल्यात, चौघांना चार. बाहेर घामाच्या धारा. बाबा गेल्यापासून आईंनी मिरज सोडलं नव्हतं. शेवटी अजितने फोनवर आमिष दाखवलं, "आई, ये, तुला बर्फ दाखवतो." मॉलसमोर नाताळात रोज संध्याकाळी यंत्रातून साबणाचा फेस उडवतात, तो हा बर्फ. एवढं मात्र सांगायचं राहिलं. म्हणतो, समोर दिसला की कळेलच. धन्य आहे.

५ डिसें.
परतीचं तिकीट ४ जाने.चं. आम्हाला वाटतं, त्यांनी आता इथेच राहावं. अजितने विषय काढून पाहिला, मीही. "बर्फ बघते आणि जाते." संपलं. आणि साबण बघून हिरमुसल्या तर त्याआधीच जातील.

९ डिसें.
मुक्ता आणि आईंचं गूळपीठ जमलंय. लेक इथल्या 'लाह'वाल्या इंग्लिशमध्ये, आजी मराठीत, अडत काही नाही. सकाळी दोघी टोप्या घालून खिडकीत. सराव म्हणे. काल रॅफल्स प्लेसच्या ऑफिसातून येताना MRT ट्रेनमध्ये मीसुद्धा बर्फाचाच विचार करत होते. खरा तर मीही कुठे पाहिलाय.

१९ डिसें.
ऑफिसमधून लवकर सुटले. चौघं नटूनथटून मॉलसमोर. आणि धो धो पाऊस. पाटी लागली, पावसामुळे आज बर्फ रद्द. आईंना हसू आवरेना. बाबांनंतर असं हसताना पहिल्यांदाच पाहिलं. घरी येऊन भजी.

२४ डिसें., रवि.
पडला एकदाचा. आई टोपी घालून मधोमध उभ्या, लोक वळून वळून बघतायत. फेस त्यांच्या चष्म्यावर, मुक्ताच्या नाकावर. मुक्ता नाचत होती, मी आईंचा चेहरा बघत होते. त्यांनी तळहातावर घेतला, हुंगला. "धुणं छान निघेल गं."
मुक्ता: "आज्जी, आय टोल्ड यू ऑलरेडी, सोप ओन्ली लाह."
आल्या दिवशीच सांगितलं होतं म्हणे. अजितचं तोंड बघण्यासारखं.
"अजू इतक्या हौसेनं बोलत होता, त्याचा विरस कशाला करू?"
मग रोज "बर्फ कधी?" विचारायच्या कशाला, म्हटलं. तर म्हणाल्या, "तुमच्याबरोबर कशाची तरी वाट बघायला बरं वाटत होतं. तिकडे एकटी कशाची बघू?"
फार माया वाटली.

२६ डिसें.
आई मुक्ताला, "तो कसला बर्फ. मी पाडते बघ. काळा फ्रॉक घालून पाटावर बसायचं, डोक्यावरून चुरमुरे, बोरं, हलवा."
"कॅन ईट?"
"खायचाच असतो."
"देन युवर्स बेटर."
मग मला, "पोरीचं बोरन्हाण राहिलंच की गं. पाचाच्या आत करायचं असतं." एप्रिलमध्ये पाच होईल. म्हणजे हीच संक्रांत. आणि तिकीट ४ चं. कुणी तो विषय काढला नाही.

३० डिसें.
लिफ्टमध्ये मुक्ता शेजारच्या चिनी आजोबांना, "अंकल, माय आज्जी मेकिंग स्नो. इनसाइड अवर हाउस."
"वाह. व्हेन?"
मुक्ताने आईंकडे बघितलं. आई लिफ्टचे आकडे बघत राहिल्या.
अजितने विमान कंपनीचा नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवलाय. फोन केलेला नाही. मीही आईंना विचारत नाही. विचारलं आणि नको म्हणाल्या तर? मुक्ता मात्र रोज चुरमुऱ्यांची चौकशी करते.

२ जाने. २००७
बॅग भरायला मदत करू का, असं विचारायचं ठरवून धीर करून खोलीत गेले. मुक्ता स्टुलावर ताठ उभी, श्वास रोखून. आई टेपने तिची छाती मोजत होत्या. मान वर न करता म्हणाल्या,
"मेघना, इथे काळं कापड कुठे मिळतं गं? सुती बघ. उकडतं पोरीला."