वायरमनच्या घरी बिनवायरीचा हेडफोन

धसई, बुधवार

श्री. देवराम व्याहीबुवा यांस,

धसईहून ज्ञानेश्वराचा रामराम. इकडे सर्व ठीक आहे. भाताच्या रोपांसाठी राब भाजून झाले, आमच्या सौ. काशीचा खोकला गेला आणि तिचे बोलणे पूर्ववत सुरू झाले. तुमच्या गुडघ्याला आता कसे आहे? डॉक्टरने दिलेले तेल लावता, की बाटली नुसती खिडकीत ठेवता? (पाठवलेल्या कैऱ्या पोचल्या. त्यातल्या अर्ध्या नातीने चाटून ठेवल्यामुळे लोणचे थोडे कमी झाले.)

पत्राचे कारण असे, की सोमवारी आमच्या शेजारच्या धाऊच्या मांडवात जे घडले ते एव्हाना किन्हवलीला पोचले असेलच. ज्ञानेश्वराने भर हळदीत शेजाऱ्याची लाइट घालवली, एवढेच तुम्ही ऐकले असेल. ते खोटे नाही. पण ते अर्धेच आहे, आणि उरलेले अर्धे माझ्याकडून कळावे म्हणून फोन न करता लिहितो आहे. फोनवर तुम्ही मध्येच हसता.

तुम्हाला ठाऊक आहे, आमचा सुयोग वर्षभर कल्याणला खोली घेऊ म्हणतो आहे. रोजच्या जाण्यायेण्याने जीव जातो म्हणे. खोली घेतली की तुमची नम्रता जाणार, आणि तिच्यामागे नात जाणार. मग सकाळी उठून मी कोंबड्या कोणाला दाखवायच्या? अशात कल्याणच्या एका कंपनीत गिऱ्हाइकांशी फोनवर बोलायचे काम नम्रताला मिळण्याचा योग आला, तेही घरात बसून. ते मिळाले की खोलीचा विषयच मिटणार होता. सोमवारी अकरा वाजता कॉम्प्युटरवरून चाचणी होती, आणि मागून कसलाही आवाज येता कामा नये अशी अट. सुयोगने मांडीवर ठेवायचा कॉम्प्युटर आणि बिनवायरीचा हेडफोन आणला. दोन्ही एकमेकांना जोडायचे काम मी हट्टाने मागून घेतले. पस्तीस वर्षे वायरमन होतो. मुरबाडपासून टोकावड्यापर्यंत मी चढलो नाही असा खांब नाही. (हे तुम्हाला लग्नाच्या बैठकीत सांगितले होते. तरी पुन्हा सांगतो.)

हेडफोन हातात घेतला तर वायर धरायला कुठे जागाच नाही. टेस्टर लावला. पेटला नाही, म्हणजे माल मेलेला. सुयोग म्हणाला बटन दाबा. दाबले, तर लाल-निळा दिवा लुकलुकायला लागला. आता व्याहीबुवा, आमच्या खात्यात दिवा लुकलुकला याचा अर्थ एकच, कुठेतरी कनेक्शन लूज आहे. लूज कनेक्शन तसेच चालू ठेवणारा वायरमन एक दिवस कोणाचे तरी घर जाळतो. म्हणून मी लगेच बंद केला. थोडा गार होऊ दिला. पुन्हा चालू केला, पुन्हा लुकलुक, पुन्हा बंद. शनिवार-रविवार हेच चालले. तिकडे कॉम्प्युटर गोल चक्र फिरवत शोधत होता. त्याला भिंतीपलीकडचा धाऊचा टीव्ही सापडला, समोरच्या गिरणीवाल्याचा फोन सापडला, पण वीतभरावर पडलेला हेडफोन सापडेना. मी त्याला दोन-चार शब्द ऐकवले. नम्रता चहा ठेवून जाई, जाताना बघून जाई, बोलत काही नसे.

सोमवारी धाऊच्या मुलाची हळद. सकाळी आठपासून मांडवात स्पीकर, आमची कौले थरथरत होती. त्यात स्पीकरला लाइट आमच्याच घरातून दिलेली. (शेजारधर्म आहे. पण मी खात्यातला माणूस, तेव्हा हे कुठे बोलू नका.) अकराच्या आत गाणी थांबवतो असे धाऊने कबूल केले होते, पण हळदीच्या दिवशी कबूल केलेले कोण पाळतो? साडेदहाला नम्रता नातीला न्हाऊ घालायला गेली, तेवढ्यात मी शेवटचा प्रयत्न म्हणून बसलो. दिवा लुकलुकलाच. म्हटले, दोष हेडफोनात नाही, कॉम्प्युटरच उघडून पाहू. आणि कामाला हात लावण्याआधी फ्यूज काढून खिशात टाकायचा, ही माझी सवय. त्या सवयीमुळेच मी आज पत्र लिहायला जिवंत आहे.

फ्यूज काढला. पंखा थांबला, मांडव गप्प झाला, कॉम्प्युटर मात्र चालूच. मी चरकलो. (आत बॅटरी असते हे मोबाइल वापरणाऱ्या माणसाला सुचायला हवे होते. नाही सुचले.) उलटी लाइन, म्हणजे दुसरीकडून शिरणारी वीज, कुठून येते ते बघायला माळ्यावर चढलो आणि जळमटे लेवून उतरलो. पडद्यावर चाचणी घेणाऱ्या बाईसाहेबांना हे ध्यान दिसायला नको म्हणून काशीने माझा शर्ट अंगावरून ओढून काढला आणि थेट साबणाच्या बादलीत बुडवला. फ्यूज त्याच्याच खिशात होता.

तोवर मांडव आमच्या दारात आला. पुढे धाऊ, मागे हळदीने माखलेला नवरदेव. ओला फ्यूज बसवता येत नाही, तो मी उन्हात काशीच्या सांडग्यांशेजारी वाळत घातला होता. धाऊ मला नको नको ते बोलला. मी ऐकून घेतले, कारण अकराला पाच मिनिटे कमी होती आणि डोळ्यांपुढे कल्याणची खोली दिसत होती. खरे सांगतो, मला रडू येत होते.

नम्रता बाहेर आली. ओढणीला हात पुसले, हेडफोनचे बटन दाबले आणि दिवा लुकलुकू दिला. मी बंद कर म्हणणार, तोच कॉम्प्युटरवर हेडफोनचे नाव उमटले आणि दिवा निळा होऊन स्थिरावला. अर्धे मिनिटही लागले नाही. नेट तिने स्वतःच्या फोनचे घेतले.

"आबा, तो लुकलुकतो ना, तवाच तो कॉम्प्युटरला हुडकत असतो," ती म्हणाली. "तुमी दर टायमाला त्याला गप करत होता."

मग दोन दिवस बोलली का नाहीस, असे मी विचारले.

"तुमी एवढ्या हौसेनं बसला होता."

व्याहीबुवा, मला लाज वाटली आणि तेवढेच बरेही वाटले. पोर तुम्ही चांगली वाढवली आहे. तिने धाऊला हात जोडून अर्धा तास मागितला. तसाही स्पीकर मुका होता, द्यायला धाऊचे काय जात होते? हळदीच्या दिवशी इतकी शांतता धसईत कोणी पाहिली नसेल. चाचणीवाल्या बाईंनी म्हणे शाबासकी दिली, की घर फार शांत ठेवले आहे. नम्रता पास झाली. बाराला फ्यूज वाळला. मी मांडवात जाऊन धाऊची माफी मागितली आणि नवरदेवाला हळद लावून आलो.

विहीणबाईंना नमस्कार. तुमचा लोभ आहे तेवढा असू द्यावा, हे पत्र वाचून त्यात कपात करू नये.

आपला,
ज्ञानेश्वर

ता. क. खरे काम राहिलेच. कंपनी आता दोन्हीला तयार आहे; घरून काम करणार की कल्याणच्या ऑफिसात येणार, हे नम्रताने शनिवारपर्यंत कळवायचे आहे. तुम्ही तिला फोन करून घरूनच कर म्हणून सांगा. मी सांगितले तर तो सासऱ्याचा हुकूम होतो, तुमचे ती प्रेमाने ऐकेल. माझे नाव मात्र घेऊ नका.

आणखी ता. क. पाकीट चिकटवण्याआधी काशीने वरचे वाचले आणि विचारले, पोरीला कोणी विचारलंय का? कोणीच विचारले नव्हते. सुयोगने नाही, मी नाही, तुम्हीही नसेलच. म्हणून आत जाऊन विचारले. म्हणाली, "मला ऑफिसात जायचंय, आबा. खोली नको. यांच्यासंगं सकाळी जाईन, सांजच्याला घरी येईन. पोरीला तुमी बघाल ना?" मी तिचे बोलणे संपायच्या आत हो म्हणालो. तेव्हा तो फोन करू नका. त्याऐवजी सोमवारपासून महिनाभर विहीणबाईंना इकडे पाठवा, नात आम्हा दोघांना दिवसभर आवरायची नाही. तुम्हीही या. फक्त न मागता मदत करू नका, ती जागा इथे भरलेली आहे.