शिडीवाली

माय, कापसाच्या जिनिंगमध्ये तुझ्या कामाला धड नावही नव्हतं. माणूस शिडीवर चढला की खाली उभं राहून ती धरायची, एवढंच. सगळे तुला शिडीवाली म्हणायचे आणि तुला त्यात मान वाटायचा, याचीच मला आता चीड येते. वर चढणाऱ्यानं पडू नये म्हणून कमरेला बांधायचा पट्टा ऑफिसात खिळ्याला टांगलेला असे. दसऱ्याला यंत्रांबरोबर त्यालाही हळदकुंकू लागायचं आणि तो परत खिळ्यावर जायचा. माणसाच्या कमरेला तो कधीच लागला नाही, कारण खाली तू होतीस ना, फुकटातला पट्टा.

सत्त्याहत्तरचा हंगाम असेल. मीही तिथेच सरकी भरायला येत होते. आपल्या शेजारचे काका वर चढून तुळईवरचा भुस्सा झाडताहेत. खाली फरशीभर सरकी सांडलेली, शिडीचे पाय तिच्यावरून घसरताहेत आणि तू पदर खोचून दोन्ही हातांनी शिडीला लटकली आहेस. शिडीनं तुलाही ओढत नेलं. काकांची कंबर मोडली, ते पुन्हा कधी उभे राहिले नाहीत. मुकादमानं तुझे सोललेले तळवे पाहिलेसुद्धा नाहीत. मालकासमोर तुला उभं करून म्हणाला, "काऊन वो बाई, हात सुटला ना तुमचा?"

तू खाली बघत म्हणालीस, "सुटला असन, दादा."

झालं. पट्टा टांगून ठेवणारे सुटले, सरकी न झाडणारे सुटले, अडकलीस तू एकटी. काकूंनी तुझ्याशी बोलणं टाकलं. शेवटच्या दुखण्यातही तू तळहात उलटेपालटे करून मला विचारायचीस, "माह्याच हातानं झालं का वं, पोरी?" मी पुढे कारखान्यात सुपरवायझर झाले. तिथे शिडीचं वरचं टोक दोरानं बांधल्याशिवाय मी कुणाला पहिल्या पायरीवरही पाय ठेवू देत नसे. दोराचं काम बाईच्या हातांनी होत नाही, हे तुला किती वेळा समजावलं. तू नुसतं ऐकून घ्यायचीस.

तुला जाऊन किती वर्षं झाली. मुकादमाचा राग केव्हाच निवला. तुझ्या त्या "असन"चा अजून येतो. एकदा, एकदाच "नाई" म्हणायचं होतंस. तुला वाचता येत नव्हतं. तू असतीस तर हे पत्र मलाच तुला वाचून दाखवावं लागलं असतं, आणि एवढा भाग मी गाळला असता.