माणिक बदललं कुणी?

४ ऑगस्ट

चि. छोटी हिस,
अ. उ. आ.

फोनच करणार होते, पण फोनवर मी नुसती ओरडेन आणि तुझ्या प्रयोगशाळेतली माणसं माना वर करून बघतील, म्हणून लिहायला बसले. तुझ्या ताईला चोर ठरवलंय. आणि ठरवणारं माणूस परकं नाही, आपली सख्खी मावशी!

झालं ते असं. मावशीची माणकाची अंगठी तुला आठवत असेलच. काकांनी निवृत्त झाल्यावर माणकाच्याच कानातल्यांच्या जोडीसकट तिला घेऊन दिली होती. माणिक धरून ठेवणारं एक नख झिजलं होतं. काका गेल्यापासून ती अंगठी बोटातून काढत नाही, तरी नख जोडायला विश्वासाने माझ्याकडे दिली. मी म्हटलं, आधी खडा नीट तपासते. तर म्हणाली की सराफांच्या थोरल्या पेढीवरचा माल आहे, त्यात काय तपासायचं, तू आपलं नख जोड. अस्सल माणिक ज्योतीला भीत नाही. आमच्या धंद्यात ते जागेवर ठेवूनच नख जोडतात, मीही आजवर तेच करत आले. नख जोडलं, अंगठी आम्लात धुतली, बाहेर काढली आणि बघते तो काय! खड्यावर पांढऱ्या रेघांचं जाळं! रंग गढूळ.

मी काही लपवलं नाही. तशीच तिच्यापुढे ठेवली आणि म्हटलं की हे काय झालंय ते मला कळत नाही, छोटीला विचारू. ऐकेल तर शपथ. तडक थोरल्या पेढीवर गेली. पेढीचे मालक काकांचे शाळासोबती, रोज सकाळी बरोबर फिरायला जाणारे. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, हळहळले आणि म्हणाले की वहिनी, मी दिलेलं माणिक हे नव्हेच, कुणीतरी बदललंय. कुणीतरी म्हणे! मावशी परत आली, अंगठी माझ्या टेबलावर टाकली आणि तुझी काच तुलाच लखलाभ म्हणून निघून गेली. तिथून जी सुटली ती सगळ्या नात्यात आणि सगळ्या गल्लीत सांगत फिरली.

आता गिऱ्हाईक दागिना ठेवून जात नाही. टेबलासमोर स्टूल ओढून बसतं आणि काम संपेपर्यंत माझ्या हातांकडे टक लावून बघतं. काल एक बाई शिंक आली तरी डोळे मिटायला तयार नव्हती. हसू नकोस. साधी साखळी मला दोनदा जोडावी लागली गं.

अंगठी सोबत पाठवते आहे. काय खरं ते सांग. माझं काही चुकलं असेल तर तेही सांग. पण चोर मी नाही.

सध्या तुझाच काय तो लोभ उरलाय, तेवढा तरी राहू दे.

तुझी,
ताई


११ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून डोक्यात तिडीक गेली. हातातलं काम बाजूला सारून आधी तुझा खडा घेतला. तो अंगठीतून सोडवावा लागला, पण नख शाबूत आहे. काम तू सुरेख केलं होतंस.

मायक्रोस्कोपखाली बघितला. माणिकच आहे, पण कसलं! तड्यांनी भरलेलं, फेकून द्यायच्या लायकीचं. त्या तड्यांत शिशाची काच ओतून त्याला चकचकीत केलंय. काचेतले हवेचे बुडबुडे अजून दिसतात, आणि खडा फिरवला की तड्यांमधून निळी चमक मारते. असे खडे बाजारात आल्यापासून आमच्याकडे त्यांच्यावरच काम चाललंय. ज्योत राहू दे, साधं आम्लही त्या काचेला सोसत नाही. सांगून, त्या भावात विकले तर कुणाचं काही म्हणणं नाही. पण अस्सल म्हणून शाळासोबत्याच्या गळ्यात मारायचे आणि वर हळहळायचं? त्या माणसाला रात्री झोप कशी लागते?

तरी ऐक. भरलेला खडा पेढीनेच दिला, तू बसवला नाहीस, हे माझ्या अहवालाने सिद्ध होत नाही. ते उद्या म्हणतील की ताईनेच हा बसवला. पण कानातल्यांची जोडी आहे ना! त्याच दिवशी, त्याच पेढीवरून आलेली. ती तुझ्या टेबलावर कधी आलीच नाही. तेवढी मला बघायला मिळाली की मालकांचं तोंड बंद.

जेवत जा. रागाने पोट भरत नाही. तुझ्यावरचा माझा लोभ कुणी बदलू शकणार नाही.

तुझी,
छोटी


१६ ऑगस्ट

चि. छोटी हिस,
अ. उ. आ.

गेले होते मावशीकडे. दारातच उभं केलं, चपला काढेपर्यंत थांबली नाही. शेजारीण कचऱ्याची बादली घेऊन जिन्यात उभी, तिच्या देखत म्हणाली की अंगठी एका बहिणीने गिळली, आता कानातली दुसरीला देऊ का? आणि दार लावून घेतलं. लहानपणी आजारी पडले की हीच मावशी रात्र रात्र उशाशी बसायची.

परत येताना पेढीचे मालक भेटले. झालं गेलं विसरून जा, चुका माणसाच्याच हातून होतात, असं म्हणाले. मला क्षमा करायला निघालेत! मी तडक चालू लागले, कारण तोंड उघडलं असतं तर सगळा रस्ता गोळा झाला असता.

त्या दारात मी पुन्हा जाणार नाही. दुकान बंद करायची वेळ आली तरी चालेल.

बाकी तुझ्याशी काय भांडायचं, लोभ ठेव.

तुझी,
ताई


१९ ऑगस्ट

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझी कानातली मला नकोत. ताईलाही देऊ नकोस. कुणाच्याच हातात देऊ नकोस, म्हणजे प्रश्नच मिटला.

अंगठीतल्या माणकात काच भरलेली आहे आणि ते पेढीवरूनच तसं आलं, असं माझं म्हणणं आहे. ते तू घरबसल्या पडताळून बघ. वाटीत लिंबं पिळ आणि एक कानातलं दिवसभर त्यात बुडवून ठेव. माणिक स्वच्छ असेल तर लिंबाने त्याला काडीचा फरक पडणार नाही. धुऊन पुन्हा कानात घाल, आणि मी येऊन सगळ्यांसमोर तुझी माफी मागेन. काच असेल तर अंगठीसारख्याच पांढऱ्या रेघा उमटतील. मग तो खडा पहिल्यासारखा होणार नाही. ती काकांनी दिलेली आहेत, म्हणून हे आधीच सांगते.

करायचं की नाही ते तू ठरव. पण करणार नसशील तर माझ्या बहिणीला चोर म्हणणं थांबव. ती तुला काही बोलणार नाही, म्हणून मी बोलते.

पूर्वी होता तसा लोभ दोघींवर असावा, असं मनापासून वाटतं.

तुझी,
छोटी


२५ ऑगस्ट

चि. ताई हिस,
अ. उ. आ.

छोटीचं पत्र आलं. मावशीला लिहायची ही पद्धत झाली? मी ते चुरगळून फेकलं, मग उचलून पुन्हा वाचलं. लिंबू कापलं, वाटी घेतली, कानातलं काढून बोटांत धरलं. पण हात पुढे होईना. ह्यांनी आरशासमोर उभं करून स्वतः माझ्या कानात घातलं होतं. मग म्हटलं, मी कशाला जिवाला घोर लावून घेऊ? ज्याने विकलं त्यानेच बुडवावं की! वाटी, लिंबं आणि विणकाम पिशवीत टाकलं आणि पेढी गाठली.

पेढीवर गर्दी होती. मालकांनी या वहिनी, बसा वहिनी केलं, चहा मागवला. मी काउंटरवर वाटी ठेवून लिंबं पिळली, दोन्ही कानातली पुढे ठेवली आणि सांगितलं की तुमच्या हाताने एक बुडवा, मी दिवसभर बसायला आलेय, विणकाम आणलंय. ते हसले. असले प्रयोग वेडी माणसं करतात म्हणाले. मी म्हटलं बरं, मग मी वेडी, आणि कानातलं उचलून वाटीवर नेलं. तर त्या माणसाने झडप घालून माझं मनगट धरलं आणि दुसरा हात वाटीवर ठेवला. बोटं रसात बुडाली तरी हात काढेना. शेजारी हार बघणाऱ्या बाईने हार खाली ठेवला आणि पर्स उचलली. मालक हळूच म्हणू लागले की आत या, दोन्ही बदलून देतो. बदलून! माझा नवरा शेवटपर्यंत याच्याबरोबर फिरायला जायचा, माझ्या बोटातलं माणिक याला कौतुकाने दाखवायचा, आणि हा बघून मान डोलवायचा. मी काय काय बोलले ते लिहीत नाही, पण पेढीतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू गेलं.

तुझ्यावरही माझा राग आहे. मी दार लावलं म्हणून तू निघून गेलीस? लाथ मारून आत यायचंस. लहानपणी एवढ्याशा कारणावरून घर डोक्यावर घ्यायचीस, ते कुठे गेलं? मी त्याच्या भिंगावर विश्वास ठेवला आणि तुझ्या तोंडाकडे बघितलं नाही, हे मला आता जेवताना आठवतं आणि मी ताट सारून उठते.

ज्या ज्या घरी तुझं नाव खराब केलं, त्या प्रत्येक घरी जाऊन सांगते आहे. जिने चढून गुडघे भरून आलेत. बादलीवालीला सगळ्यात आधी सांगितलं, म्हणजे बाकीच्यांना तीच सांगेल.

छोटीकडून अंगठी मागवून घे. नवं माणिक बसवू नकोस, तोच पांढरा पडलेला खडा परत बसव. ह्यांनी मला खोटं दिलं नव्हतं, खोटं त्यांना दिलं गेलं. या वेळी ज्योतीजवळ नेऊ नकोस म्हणजे झालं. तयार झाली की निरोप पाठव, घ्यायला येईन. तोवर फिरकणार नाही.

आणि टेबलासमोरचं ते स्टूल आत नेऊन ठेव. मी त्यावर बसायची नाही. दुसरं कुणी बसायला आलंच, तर त्याला आधी माझ्याकडे पाठव.

लोभ मागायला तोंड नाही, पण तू देशील हे ठाऊक आहे.

तुझी,
मावशी