उद्या गाडी नेताना माझं काही झालं तर

दोन रात्री माझ्या डोळ्याला डोळा लागलेला नाही, हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढे अक्षर बघून कोणी म्हणायला नको की बाई भानावर नव्हती. झोप न लागण्याचं कारण आमची गाडी. उद्या सकाळी ती मला एकटीला चालवत मोठ्या शहरातल्या वर्कशॉपला न्यायची आहे आणि तिच्या पुढच्या दोन्ही एअरबॅगा खराब निघाल्यात. गाडी ठोकली तर पिशवी फुगते ती फुगेलच, पण तिच्यामागची डबी फुटून लोखंडाचे तुकडे समोरच्याच्या तोंडावर, गळ्यावर येऊ शकतात. हे मी मनाने रचत नाही, कंपनीनेच मोबाईलवर मेसेज करून कळवलंय.

म्हणून मी, खाली सही करणारी, वय सव्वीस, शिक्षण सातवी, धंदा शाळेची मुलं ने-आण करायचा, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणाची बळजबरी नसताना हे माझं मृत्युपत्र लिहिते. हे वाक्य खालच्या मजल्यावरच्या शिंपीकाकांनी सांगितलं. "असं लागतंच," म्हणाले. बाकी सगळं माझं आहे. शुद्धलेखन बघू नका.

कलम पहिलं, माझी मुलगी. चिंगी साडेचार वर्षांची आहे. तिचे बाबा दोन वर्षांपूर्वी कावीळ होऊन गेले. मला काही झालं तर चिंगीला माझ्या दादाने न्यायचं, दुसऱ्या कोणी नाही. दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. ट्रक चालवतो, लांब राहतो. वहिनी तोंडाने फटकळ आहे, पण वाढताना तिचा हात आखडत नाही. माझ्या बाळंतपणात मी ते बघितलंय. सासूबाई माझ्याजवळ राहतात, त्यांनीही चिंगीबरोबर तिकडेच जावं, ही माझी इच्छा आहे, जबरदस्ती नाही.

चिंगी दिवा चालू ठेवून झोपते. दूध गाळून द्यायचं, साय दिसली की ओकते. तिचा डावा पाय उजव्यापेक्षा जरा मोठा आहे, तेव्हा बूट घेताना डाव्या पायात घालून बघायचा, दुकानदार काहीही म्हणो. गाडीचं तिला एवढंच कळलंय की आत फुगे आहेत. "आई, मला पण दाखव ना फुगा," म्हणून दोन दिवस मागे लागलीय. फुगाच म्हणू द्या तिला. मोठी झाली की सांगा.

कलम दुसरं, गाडी. इथे जास्त लिहावं लागेल, कारण भांडणं इथेच होणार.

गाडी जपानी आहे. माझे हे त्याच कंपनीच्या इथल्या शोरूममध्ये गाड्या विकायचे. शोरूम आता बंद झालं, तिथे फरशांचं दुकान आहे. ह्यांना नोकरीला लागताना कंपनीची सगळी कथा पाठ करायला लावली होती आणि लग्नानंतर ती मला पाठ झाली. कंपनीचा पहिला मालक लोहाराचा मुलगा. आधी मासे धरायच्या बोटींना पंप बनवून द्यायचा. युद्धात कारखाना जळला, तर उरलेला पत्रा गोळा करून त्याने तीन चाकांची गाडी केली. ती वळणावर आडवी व्हायची, म्हणून लोक तिला दारुडी म्हणायचे. म्हातारा चिडायचा नाही. जिथे गाडी आडवी व्हायची तिथे स्वतः जाऊन चिखलात बसून बघायचा, का पडली म्हणून. मग पहिली चारचाकी झाली, तेव्हा त्याने आपल्या बायकोला शेजारी बसवलं आणि डोंगरावरून गाडी खाली आणली. गाडी विकायची तर आधी तिच्यात आपलं माणूस बसवायचं, असं तो म्हणायचा म्हणे.

मी ह्यांना म्हणायचे, "मामंजींबद्दल मला एवढं माहीत नाही, जेवढं त्या म्हाताऱ्याबद्दल झालंय."

"त्यालापण सासरा समज," हे हसायचे. "त्याच्याच जिवावर जेवतोय आपण."

खरा होता की पुस्तकापुरता होता, देव जाणे. ह्यांचा मात्र विश्वास होता. चिंगीच्या वेळी मला सातवा लागला तेव्हा ह्यांनी गाडी घेतली. दोन प्रकार होते. एकात मोठे स्पीकर आणि सिनेमा दिसायचा पडदा, दुसऱ्यात ते काही नाही पण पुढे दोन एअरबॅगा. माझे मोठे दीर बरोबर आले होते. ते म्हणाले, "त्या पिशव्यांतून गाणी ऐकू येतात का रे?"

हे म्हणाले, "पुढे पोटुशी बाई बसणार आहे, दादा."

म्हणून ती घेतली. मुद्दाम घेतली. हे मला परत परत आठवतं आणि डोळे मिटले की डोळ्यांसमोर स्टिअरिंग येतं.

गाडीने आम्हाला कधी त्रास दिला नाही, हेही लिहायला पाहिजे. खोटं कशाला बोलू. हे गेल्यावर मी तिच्यातच चालवायला शिकले आणि तिच्यातच शाळेची मुलं न्यायला लागले. पावसापाण्यात कधी बंद पडली नाही. सिग्नलला तशीच दुसरी गाडी आली की तिचा चालवणारा हात करतो. ओळख ना पाळख, पण करतो. एकदा एक म्हातारे काच खाली करून म्हणाले, "पोरी, तेल वेळेवर बदल, नातवंडांपर्यंत पुरेल." तेव्हा फार बरं वाटलं होतं. आता वाटतं, त्या म्हाताऱ्यांना मेसेज आला असेल का? वाचता येतो का त्यांना मोबाईल?

मला मेसेज आला त्याच दिवशी मी मुलांच्या आयांना सांगितलं. सासूबाई म्हणाल्या होत्या, आधी दुरुस्त कर, मग सांग. पण मग तोवर मुलं कशी बसवायची? माझ्या शेजारच्या सीटवर दोन सगळ्यात लहान बसायची, ती पुढे बसायला भांडायची. मागच्या थंडीत पुढच्या एका टेम्पोने रिव्हर्स घेताना आम्हाला पुढून धक्का दिला होता. हळू होता. बंपर चेपला आणि मुलं हसली. ती हसली तोच आवाज माझ्या कानात आहे.

जुळ्यांची आई जिन्यातच ओरडली, "दोन वर्षं आमच्या पोरांना बॉम्बवर बसवून नेत होतीस?" तिला काय सांगू, माझी पोरगी पण त्यातच होती. दुसऱ्या एकीने नुसता माझा हात धरला आणि मुलगा घेऊन गेली. शाळेने सांगितलंय, वर्कशॉपचा दाखला आणा, मग गाडी गेटात येऊ देतो.

मोठे दीर मला म्हणाले, "बोंब कशाला मारलीस? गपचूप विकून टाकायची. घेणारा घेईल."

मी म्हटलं, "आणि त्याची बायको पुढे बसेल, तिचं काय?"

"तू सगळ्या जगाची आई आहेस का?"

म्हणून हे पक्कं लिहिते. माझ्यामागे ही गाडी एअरबॅगा बदलल्याशिवाय कोणाला विकायची नाही, द्यायची नाही, उधार पण नाही. बदलून झाल्या तर दादाने ठेवावी. नाहीच बदलता आल्या तर भंगारात द्यावी आणि देताना डब्यांचं सांगावं, म्हणजे भंगारवाला हातोडा घालणार नाही. मोठ्या दिरांनी गाडीवर हक्क सांगू नये. आत्तापर्यंत "गाडी घराची आहे" म्हणायचे. परवा मी म्हटलं, "भाऊजी, मग घरातले म्हणून तुम्ही न्याल का शहरात?" तर म्हणाले, "कागद तुझ्या नावावर आहेत. आणि माझी कंबर धरलीय." त्यांनी हौसेने मागे दोन स्पीकर बसवले होते, ते त्यांनी काढून न्यावेत. गाणी ऐकावीत.

कोणी विचारेल, एवढी भीती होती तर चालवत नेलीच कशाला. सगळं करून बघितलं. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला म्हटलं, एअरबॅगांची वायर काढून टाक. तो चार हात लांब उभा राहून म्हणाला, "वहिनी, इंजिन सांगा, गिअर सांगा, ह्याला मी हात लावणार नाही." मग मी कंपनीच्या नंबरवर फोन केला. तिथला काउंटरवरचा साहेब चांगला बोलतो, ताई ताई करतो. पार्ट आलाय म्हणाला, उद्या सकाळपर्यंत तुमच्या नावाने ठेवतो, नाही आलात तर पुढच्याला जाईल आणि परत कधी येईल सांगता येत नाही.

मी म्हटलं, "उचलून न्यायला गाडी पाठवा ना."

"ताई, ती बंद पडलेल्या गाडीला असते. तुमची चालू आहे."

मग मी खोटं बोलले. बंद पडलेल्या गाड्यांसाठी कंपनीचा दुसरा नंबर असतो, तिथे फोन करून गाडी बंद पडली म्हणून सांगितलं. उचलणारी गाडी आली. तिचा ड्रायव्हर पान चघळत उतरला, माझ्या हातातली किल्ली घेतली, फिरवली, आणि आमची गाडी पहिल्या झटक्यात सुरू. तो म्हणाला, "बाई, हिला काय धाड भरलीय? घोडा आहे घोडा!" आणि हसत निघून गेला. मी रस्त्यात उभी राहून रडले. साडेचार वर्षांत एकदा तरी बंद पडायची होती.

परत काउंटरवर फोन केला. म्हटलं, "साहेब, तुमच्यातलं कोणी येऊन माझ्या शेजारी बसेल का? नुसतं बसेल?" त्याला वाटलं मी चेष्टा करते. मग हळू आवाजात म्हणाला, "ताई, शेजारच्या सीटवर कोणाला बसवू नका. तुम्ही सीट जमेल तेवढी मागे घ्या आणि पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा. ठोकली नाही तर काही होत नाही." ठोकली नाही तर. म्हणजे ह्या रस्त्यावरच्या सगळ्यांनी उद्या नीट चालवायचं. टँकरवाल्यांनी, फोनवर बोलत आडवं येणाऱ्यांनी, पुलावर उलटं घुसणाऱ्यांनी.

हे असते तर म्हणाले असते, बघ, चूक स्वतःहून सांगतात, दुसरे लपवतात. मी म्हटलं असतं, सांगतात हो, न्यायला येत नाहीत.

सासूबाईंना काल कळलं की मी एकटी जाणार. त्या म्हणाल्या, "मी बसते तुझ्याजवळ. माझं काय राहिलंय आता?" मी त्यांच्यावर ओरडले. पहिल्यांदाच ओरडले. त्यांना वाईट वाटलं असेल तर त्यांनी हे वाचून घ्यावं: आई, तुमची चिंगी राहिलीय.

बाकीचं थोडं आहे. पोस्टात जे आहे ते चिंगीच्या शाळेला. कानातले चिंगीला, पण मोठी झाल्यावर, आत्ता गिळेल. कपाटातल्या दोन नव्या चादरी सासूबाईंच्या, त्या वापरायच्या, ठेवून द्यायच्या नाहीत. ह्यांचे पाने आणि जॅक दादाला. ह्यांचा शोरूमचा निळा शर्ट आहे, खिशावर कंपनीचं चिन्ह आहे. त्याचं काय करायचं मला ठरवता येत नाही. कधी वाटतं फाडून फरशी पुसावी. कधी वाटतं उद्या अंगात घालून जावं. तो जिथे असेल तिथे राहू द्या.

जुळ्यांच्या आईवर माझा राग नाही. मी पण ओरडले असते.

हे मी आमच्या घरी, खिडकीजवळच्या टेबलावर, चिंगी झोपलेली असताना, गाडी न्यायच्या आदल्या दिवशी दुपारी लिहिलं. वाचून बघितलं. बरोबर आहे.

सही, चिंगीची आई.

साक्षीदार पहिले: शिंपीकाका, तळमजला. त्यांनी माझ्यासमोर सही केली. चष्मा पुसत होते.

साक्षीदार दुसऱ्या: समोरच्या खोलीतल्या नर्सबाई. त्यांनी सही केली आणि म्हणाल्या, गळ्याला जाड टॉवेल गुंडाळून जा. गुंडाळणार आहे.

सह्या झाल्यावर आणखी लिहिलं तर चालतं का माहीत नाही, पण एक राहिलं. मी दादाला काहीच कळवलेलं नाही. त्याने बघितलेला ट्रक आणि रस्ता मी दहा जन्मांत बघणार नाही, उद्याची गाडी त्याला खेळण्यासारखी वाटेल. मी नुसतं "दादा" म्हटलं तरी तो हातातली खेप टाकून येईल आणि स्वतः स्टिअरिंगवर बसेल. त्याला पण दोन मुलं आहेत. नाही म्हणायला त्याला येत नाही, म्हणून मला विचारता येत नाही. सकाळपासून किती वेळा मोबाईल हातात घेतला आणि खाली ठेवला.

हा कागद शिंपीकाकांच्या काउंटरवर कैचीखाली ठेवते, पाकीट चिकटवत नाही. जो कोणी वाचेल त्याने माझ्या दादाला फोन करा. नंबर चिंगीच्या पाण्याच्या बाटलीवर लिहिलाय, सासूबाई दाखवतील. मला काही झालं असेल तर करा, आणि आधी चिंगी बरी आहे एवढं सांगा, मग बाकीचं. मी नीट पोचले असेन तरी करा. आणि हे आज संध्याकाळीच कोणाच्या हातात आलं, मी अजून घरातच असले, तर मला न विचारता करा.