बेटावरचा शनिवार

कालगुर्ली
रविवार, ८ नोव्हेंबर २०२०

प्रिय विराज,
जयभीम.

आज सुट्टी होती. सकाळी सहाला उठलो. गाडीचं ऑइल बदललं. दुपारी तापमान छत्तीस डिग्रीपर्यंत गेलं, म्हणून घरातच बसलो. शेजारच्या गणेशकाकांनी वांग्याची भाजी आणि पोळ्या दाराशी ठेवल्या आणि बेल वाजवून निघून गेले. हल्ली ते आत येत नाहीत. काय बोलायचं ते त्यांना सुचत नसावं. जेवलो, भांडी घासली आणि मग लिहायला बसलो.

टपालाला सहा आठवडे लागतात, म्हणून या कागदांचे फोटो काढून तुला पाठवणार आहे. मराठी वाचायला तुला वेळ लागेल हे माहीत आहे, पण मला हे इंग्रजीत लिहिता येत नाही. एखादा शब्द अडला तर पद्मामावशीला विचारू नकोस. मला विचार.

तीन आठवडे तू फोनवर आला नाहीस. मावशी म्हणते, अभ्यास चाललाय. पायल बोलता बोलता कॅमेरा फिरवते, तेव्हा मागे तुझ्या खोलीचं बंद दार दिसतं. तुम्हाला परत आणण्याच्या अर्जाला जोडायला मी हॉस्पिटलचं पत्र मावशीकडे पाठवलं, ते तू वाचलंस. त्यात आई गेल्याची वेळ होती. शनिवार, २२ ऑगस्ट, दुपारी तीन चाळीस. त्याच दिवशी तू मला एक ओळ पाठवलीस, की आमच्याकडे तेव्हा सकाळचे आठ चाळीस झाले होते, मग दिवसभर आम्हाला मेसेज कोण करत होतं?

मी उत्तर दिलं नाही. आज देतो. मी करत होतो.

पायलला तू हे सांगितलेलं नाहीस. ती अजून माझ्याशी बोलते, त्यावरून कळतं.

पहिल्यापासून लिहितो, कारण यातलं बरंच तुला कोणी नीट सांगितलेलं नाही. जानेवारीत तुम्हाला स्कॉटलंडला, स्टर्लिंगमध्ये मावशीकडे पाठवलं ते एका टर्मपुरतं. आईची केमो पर्थला, म्हणजे घरापासून सहाशे किलोमीटर. माझं आठ दिवस काम आणि सहा दिवस सुट्टी. तुमच्याकडे बघायला इथे कोणी नव्हतं. ईस्टरला परत आणू असं ठरलं होतं. मार्चमध्ये कोरोनामुळे सगळं बंद झालं. एप्रिलचं तिकीट रद्द झालं, मग जूनचं. विमान कंपन्या एकट्या मुलांना घेईनात. मावशी ऑस्ट्रेलियाची नागरिक नाही, त्यामुळे तिला तुमच्याबरोबर येता येईना. मला देशाबाहेर जायची परवानगी मागता आली असती, पण मग आईजवळ कोण राहणार? एप्रिल-मेमध्ये तर पर्थला जायलासुद्धा हायवेवर पोलिसांना कागद दाखवावे लागत. दर वेळी ते विचारायचे, काय काम आहे? दर वेळी मी सांगायचो, बायको आजारी आहे.

जुलैमध्ये तुमच्याकडे फिरायला परवानगी मिळाली. मावशीने आईला फोन केला. म्हणाली, ताई, पोरं चार महिने खोलीत आहेत, पण एवढ्या मोठ्या मुलांना कुठे न्यायचं मला कळत नाही, मला कुठे मुलं आहेत? त्या दिवसापासून आई कामाला लागली. पलंगावर पडल्या पडल्या फोनवर शोधायची आणि वहीत लिहायची. सगळीकडे लहान मुलांच्याच गोष्टी होत्या. कोकरांना बाटलीने दूध पाजा, बॉलच्या हौदात उड्या मारा, राजकन्येचे कपडे घालून किल्ला बघा. ती मला म्हणाली, माझा मुलगा पाच फूट अकरा इंच आहे, त्याला कोकरू काय दाखवू? मग तिने स्वतःचे नियम केले. हातापायांना काम पाहिजे. पाऊस आला तरी दिवस फुकट जाता कामा नये. पायलला उंचीची भीती वाटते, पण तिला ते कोणी बोलून दाखवायचं नाही. आणि दोघांना एकमेकांची मदत घ्यावी लागेल असं काहीतरी पाहिजे, नाहीतर तुम्ही दोघं दिवसभर भांडणार. सगळीकडे आधी बुकिंग लागायचं. ते ती सलाइन लावलेल्या हातानेच करायची. मी करतो म्हटलं, तर म्हणायची, तू चुकीची तारीख टाकशील.

तिच्या पहिल्या यादीत एका दिवसात तीन ठिकाणं होती, मिळून चारशे किलोमीटर. इथे आपण दाताच्या डॉक्टरकडे जायला त्याहून जास्त गाडी चालवलीय, त्यामुळे आम्हा दोघांना त्यात काही वाटलं नाही. मावशीने फोन करून सांगितलं, ताई, हे कालगुर्ली नाही, इथे एकाच गाडीपुरता रस्ता असतो आणि त्यावर मेंढ्या बसलेल्या असतात, त्या उठेपर्यंत थांबावं लागतं. आई खूप हसली. हसल्यावर तिच्या पोटात दुखलं आणि नर्सला बोलवावं लागलं.

मग एका शनिवारी एकच ठिकाण, असं ठरलं. चाकासारखं फिरून बोटी वर उचलणारं ते यंत्र. बुरुजाच्या दोनशे सेहेचाळीस पायऱ्या, ज्या तू मोजून सांगितल्यास आणि तिने वहीत पडताळून पाहिल्यास. समुद्रपक्ष्यांच्या खडकाकडे जाणारी बोट, जिच्यावर पायलला उलटी झाली. तुम्ही परत आलात की व्हिडिओवर सांगायचात, आणि ती तुम्हाला सगळ्यात आधी विचारायची, जेवलात का? तुमच्यासाठी ती बसून बोलायची. पाठीमागे मी उशा लावून धरून असायचो. तुम्हाला ते दिसत नव्हतं.

डॉक्टरांनी जुलैतच सांगितलं होतं, की आता उपचार थांबवू या. तुम्हाला सांगायचं नाही असं आम्ही ठरवलं. खरं म्हणजे मी ठरवलं, तिने ऐकलं. तिला वाटत होतं, विराजला तरी सांगू या, तो सोळा वर्षांचा आहे. मी म्हटलं, येऊन भेटता येत नसताना हे कळून तो काय करणार? नंतर हा विषय तिने काढला नाही.

वहीतलं शेवटचं ठिकाण कम्ब्रे बेट. फेरीने दहा मिनिटं, मग बेटाभोवती सोळा किलोमीटर सपाट रस्ता. सायकली तिने मंगळवारी बुक केल्या. गुरुवारी संध्याकाळी तिचं बोलणं थांबलं. शुक्रवारी डॉक्टर मला म्हणाले, मुलांना कळवायचं असेल तर आता कळवा. मी हो म्हटलं आणि कळवलं नाही.

शनिवारी तीन चाळीसला ती गेली. मी जवळ होतो. तिला त्रास झाला नाही. पंधरा-वीस मिनिटांनी तिचा फोन वाजला. पायलचा मेसेज होता. आई, आम्ही निघालो, सायकलचं दुकान कुठे आहे ते परत सांग. वही शेजारीच होती. मी वही उघडली आणि आईच्या फोनवरून उत्तर लिहिलं, फेरीतून उतरून बस घ्या, गावात समुद्रासमोर दुकान आहे. नर्सने विचारलं, कोणाला फोन करून देऊ का? मी म्हटलं, थोड्या वेळाने.

मी तेव्हा काय विचार केला तो सांगतो. आमच्याकडे खाणीत माणूस खाली असेल आणि त्याच्या घरून वाईट बातमी आली, तर ती रेडिओवर सांगत नाहीत. त्याला गाडीवरून उतरवतात, वर आणतात, हात-तोंड धुऊ देतात, मग सुपरवायझर त्याला बाजूला बसवून सांगतो. मी एकवीस वर्षं हेच बघतोय. दोनदा मीच सांगितलंय. तुम्ही दोघं दिवसभर रस्त्यावर सायकलींवर असणार होता. मला वाटलं, आधी वर येऊ द्या. पण खाली असलेल्या माणसाला आम्ही त्याच्या बायकोच्या नावाने निरोप पाठवत नाही. हा फरक मला त्या दिवशी दिसला नाही. आता रोज दिसतो.

अजून एक खरं आहे. तुम्ही तिला काहीतरी विचारत होता आणि तिच्या फोनवरून उत्तर जात होतं, तोपर्यंत ती गेली हे मला मान्य करावं लागत नव्हतं. म्हणजे ते सगळं तुमच्यासाठीच केलं, असं मी म्हणणार नाही.

तुम्ही फोटो पाठवलेत. मगरीसारख्या रंगवलेल्या खडकावर बसलेली पायल. मी लिहिलं, छान. तू लिहिलंस, पायलच्या सायकलची चेन निघाली होती, मी बसवली. मी लिहिलं, शाब्बास. जेवलात का, हे विचारायचं मला सुचलं नाही. मग पायलने विचारलं, आई, आज कसं वाटतंय? मी लिहिलं, आज बरं आहे, तुम्ही मजा करा. तोवर आईला त्या खोलीतून नेऊन तास झाला होता. मी बाहेर कॉरिडॉरमधल्या खुर्चीवर बसून ते लिहिलं. तुम्ही घरी पोहोचून जेवलात, मग मी मावशीला फोन केला आणि तुमच्याशी बोललो. म्हणालो, आई थोड्या वेळापूर्वी गेली. तेही खोटं होतं. मावशीलाही मी तेच सांगितलं होतं, तिला यात धरू नकोस.

इथलं सांगण्यासारखं फार काही नाही. बारा डिसेंबरचं तिकीट अजून रद्द झालेलं नाही. पर्थला दोन आठवडे क्वारंटीनसाठी हॉटेलमध्ये ठेवतील, तिथे मला तुमच्याबरोबर राहायची परवानगी मिळाली आहे. एका खोलीत तिघं. तू माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल, मी खुर्चीवर बसेन. तुम्ही आल्यावर आईच्या आदरांजलीचा कार्यक्रम करायचा आहे. पर्थहून विनितामावशी येणार आहे, ती वंदना घेईल. दहनाच्या वेळी तुम्ही स्क्रीनवर होता, ते मी धरत नाही.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगतो. शुक्रवारी पायलने मला एक फाइल पाठवली. कार्यक्रमासाठी आईचा फोटो तिने स्वतः तयार केलाय. मोठा छापून फ्रेम करून आणा, म्हणाली. फोटोखाली मराठीत लिहिलंय, 'आज बरं आहे. तुम्ही मजा करा.' तिने सांगितलं, हे आईचं शेवटचं वाक्य आहे, मी रोज झोपायच्या आधी वाचते. मी छापायला गेलो नाही. येत्या शनिवारी तुमच्या सकाळी दहाला, माझ्या संध्याकाळी सहाला, मी पायलला फोन करून सगळं सांगणार आहे. ती तेरा वर्षांची आहे. इतक्या लांबून मला तिच्याजवळ बसता येत नाही, म्हणून तू बस. माझी बाजू घेऊ नकोस. बोलू नकोस. फक्त त्या खोलीत अस, आणि तिने फोन ठेवला तर तिच्या मागे जा. तू हे तीन आठवडे एकट्याने सांभाळलंस. ते तुझं काम नव्हतं. आईचं शेवटचं वाक्य मला माहीत आहे. गुरुवारी संध्याकाळी ती म्हणाली, 'विराजला सांग, सायकलची सीट उंच करून घे.' शनिवारी तुम्हाला एवढं सगळं लिहिलं आणि हेच लिहायचं राहिलं.

आता थांबतो. उद्या सकाळी कचऱ्याची गाडी येते. डबा रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवतो.

तुझाच,
बाबा